भाऊजींचा शर्ट

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्याच बाबतीत घडलंय म्हणून सांगतोय. रात्रही नव्हती. मंगळवारची भर दुपार, तीनचा सुमार, ताईच्या चित्रांची खोली.

ताई माणसांची चित्रं काढते. भाऊजी गेले आणि तिने वर्षभर ब्रशला हात लावला नाही. रडलीही नाही. कुणी वाढलं तर जेवायची.

म्हणून तिचा फोन आला तेव्हा दुकान बंद करून धावत गेलो.

"ह्यांचं चित्र काढतेय. शर्टाच्या चुण्या जमत नाहीयेत. जरा घालून बस ना."

मी शिंपी. तो शर्ट मीच शिवलेला. भाऊजी आडव्या अंगाचे, मी काटकुळा. खांदे चार बोटं खाली लोंबत होते.

"बुजगावणं दिसतोयस!"

वर्षभरातली तिची पहिली थट्टा. मला भरून आलं.

खुर्चीत बसलो. डावा हात गुडघ्यावर. हलायचं नाही.

ब्रशचा आवाज... खस्... खस्...

मग तोही थांबला.

ताईने विचारलं, "दमलात का?"

मला ती कधीच अहो-जाहो करत नाही.

माझ्या मागे कुणीतरी सुस्कारा सोडला...

मागे भिंत होती.

उठलो तेव्हा शर्ट अंगावर बरोब्बर बसला होता. खांद्यात जराही सैल नाही.

चित्रात चेहऱ्याची जागा कोरी होती. फक्त डावा हात पुरा झाला होता. माझा नव्हे, भाऊजींचा... जाड बोटांचा.

ताई त्या हाताकडे बघून पोटभर रडली. मग स्वतःहून ताट वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काज करताना कापडावर लाल ठिपके दिसले. सुई माझ्या डाव्या अंगठ्यात रुतली होती...

मला कळलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. तपासण्या सगळ्या ठीक आल्या. तीन आठवडे झाले, हात हलतो, पण त्याला काही जाणवत नाही. भीतीही वाटेनाशी झालीय.

ताई मात्र बरी झालीय. झोपते. शेजारणीशी गप्पा मारते.

आत्ताच तिचा फोन आला.

"उद्या ये रे. उजवा हात घेऊ. मग चेहराच राहिला. त्यांचा चेहरा आठवतच नाही बघ मला... पण तू समोर बसलास की दिसतो."

नाही म्हणणार होतो. माझं हातावर पोट आहे.

पण पलीकडे ताई हसत होती.

"येतो," म्हणालो.

उद्यानंतर लिहिणं जमेल, न जमेल. म्हणून आजच लिहून ठेवलं.