चोविसावर अडकलेला काटा

त्याचं खरं नाव बाजारात कुणालाच आठवत नव्हतं. सगळे त्याला रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. हवेत ओलावा घालणारी मशीनं विकायचं आणि दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. हिवाळ्यात घराघरांत हीटर लागले, की हवा पापडासारखी कोरडी व्हायची, लोकांचे ओठ फुटायचे, आणि रेडिओला जेवायला फुरसत मिळायची नाही. दिवसभर बोलून बोलून त्याचा घसा कायम बसलेला असायचा. पण बसलेल्या घशानेही तो बोलतच असायचा.

अशा माणसाच्या सख्ख्या भावाच्या खोलीतली हवा कोरडी राहावी, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं?

दादा त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. बसस्थानकावर तीस वर्षं गाड्यांची घोषणा करायचा. काय आवाज होता! तो ऐकून माणसं निवांत चहा घ्यायची, गाडी चुकणार नाही याची खात्रीच असायची. मग घशात गाठ निघाली. गाठीबरोबर आवाजही गेला, आणि गळ्याला भोक पाडून तिथे श्वासाची नळी बसली. आता दादा पाटीवर खडूने लिहायचा.

"आपलं नाक हे पहिलं मशीन," रेडिओने वहिनीला समजावलं होतं. "बाहेरची हवा ओली आणि गरम करून आत पाठवतं. दादाच्या हवेला आता नाकच नाही, ती थेट नळीत. म्हणून डॉक्टर म्हणतात, खोलीतला ओलावा मोजायचा काटा चाळीस टक्क्यांच्या खाली नको. नाहीतर नळीत कफ सुकून खडा होईल."

"आणि खडा झाला तर?" वहिनीने विचारलं होतं.

"श्वास अडेल," म्हणून रेडिओ मशीन आणायला दुकानाकडे निघाला होता.

काटा मात्र चोविसावर होता.

पहिलं मशीन त्याने थंड धुक्याचं लावलं. त्यात खाली नाण्याएवढी चकती थरथरते आणि पाण्याचा बारीक भुगा करून वर सोडते. रात्रीत चार लिटर पाणी संपलं. सकाळी काटा चोविसावरच. काटाच बिघडला असेल म्हणून त्याने तो ओल्या मिठाच्या वाटीबरोबर डब्यात बंद करून ठेवला. तिथे काट्याने पंचाहत्तर दाखवायला हवेत, ही या धंद्यातली जुनी परीक्षा. काट्याने बरोबर पंचाहत्तर दाखवले. खोलीत आणला, की अर्ध्या तासात पुन्हा चोवीस.

मग वातीचं मशीन. त्यात ओल्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि हवेला तहान असेल तेवढंच पाणी देतो. "शहाणं मशीन आहे हे," रेडिओ म्हणाला. "हवेचं पोट भरलं की आपोआप हात आखडता घेतं." त्या मशीनने हात आखडला नाही. सहा लिटर गेले, आणि संध्याकाळी जाळी कडकडीत वाळून तडकली.

तिसरं मशीन उकळीचं, चहाच्या किटलीचा थोरला भाऊच म्हणा ना. पाणी उकळून सरळ वाफ करतं. रेडिओने खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली टॉवेल कोंबला आणि दिवसात दहा लिटर पाणी उकळलं. एवढ्या वाफेने भिंतींना घाम फुटायला हवा होता. बाहेर बर्फासारखी थंडी असताना खिडकीची काचसुद्धा धुरकटली नाही. शेजारच्या स्वयंपाकघरात एकही मशीन नव्हतं, तिथे काटा पंचेचाळीस दाखवत होता.

"दादा, तुझी खोली पाणी पिते रे," तो हसत म्हणाला. हसताना त्याला खोकला आला.

दादाने पाटीवर लिहिलं, "राहू दे. मला चालतं."

"तुला चालतं, पण नळीला चालत नाही! काल वहिनीने कफाचा केवढा खडा काढला, बघितलास ना?"

दादाने नजर फिरवली. त्याच्या उशाशी एक लाकडी खुर्ची होती, आल्यागेल्यासाठी ठेवलेली. दादा तिच्याकडे बघत राहिला. रेडिओला ते तेव्हा खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोकं चालवलं. थंड धुक्याच्या मशीनमध्ये तो नेहमी बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी घालायचा. नळाच्या पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडतात आणि पांढरी भुकटी होऊन सामानावर बसतात. गिऱ्हाइकं त्यावरून नेहमी भांडायला यायची. पण आज त्याला भुकटीच हवी होती. हवा ज्या फटीतून बाहेर जात असेल, तिथे भुकटीचा माग दिसणारच. दादाला त्याने स्वयंपाकघरात वहिनीजवळ बसवलं. खोलीत नळाच्या पाण्यावर थंड धुक्याचीच तीन मशीनं लावली, दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टुलावर स्वतः राखणीला बसला.

आतून गुणगुण ऐकू येत होती. चकत्यांचा आवाज असणार. पण चकत्या एका सुरात गुणगुणतात. हा आवाज मधे थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

तीन तासांनी त्याने दार उघडलं.

खोली पांढरी झाली होती. पलंग, कपाट, जमीन, सगळ्यावर पिठीसारखी भुकटी. फटींपाशी कसलाही माग नव्हता. रेडिओने सवयीने काट्याकडे बघितलं. चोवीस. मग त्याची नजर खुर्चीवर गेली.

खुर्चीवर भुकटी नव्हती. सगळ्या खुर्चीवर नव्हती असंही नाही. कडांना होती, पाठीच्या वरच्या पट्टीला होती. फक्त माणूस बसल्यावर जेवढी जागा झाकली जाते, तेवढी स्वच्छ होती. खाली जमिनीवर दोन पावलांएवढ्या स्वच्छ जागा होत्या, बोटांसकट. पावलं पलंगाकडे वळलेली होती.

"अरे बाप रे," तो पुटपुटला. तीन तास दारासमोर तो स्वतः बसला होता. खिडकीची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

मागे पाटीवर खडू वाजला. दादा उठून आला होता. त्याने खुर्चीकडे बघितलं, पण त्याच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखा तो थोडा ओशाळला होता.

त्याने लिहिलेलं रेडिओने दोनदा वाचलं. "रोज दुपारी गाड्या सांगतो. माझ्या आवाजात."

"कोण सांगतो?"

दादाने खांदे उडवले. पुसून पुन्हा लिहिलं, "पाणी बंद करू नको."

"दादा, वेड लागलंय का तुला? तुझा श्वास जातोय रे!"

"आवाज आहे ना," दादाने लिहिलं, आणि भुकटी न झटकताच पलंगावर जाऊन आडवा झाला.

रेडिओला त्या क्षणी भावाचा भयंकर राग आला, आणि तेवढंच रडूही आलं. तो मशीनं बंद करायला पुढे झाला, तेवढ्यात धुकं वाकलं. तिन्ही मशीनांचं धुकं सरळ वर न जाता खुर्चीकडे वळलं आणि तिथे संपलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

तोच भरदार, ओला आवाज. तीस वर्षं साऱ्या गावाने ऐकलेला.

"फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

दादाचे डोळे मिटले होते आणि तो हसत होता. त्याचे ओठ आवाजाबरोबर हलत होते.

मग नळी शिट्टीसारखी वाजायला लागली.

रेडिओला ती शिट्टी ओळखीची होती. कफ सुकत होता. दादाची छाती वर उचलली गेली आणि तिथेच अडली. ओठ निळे पडायला लागले. तरी त्याचा हात नको, नको म्हणत हलत होता.

रेडिओने तिन्ही प्लग एका हिसक्यात ओढले.

चकत्या थांबल्या. आवाज लगेच थांबला नाही. "प्रवाशांनी... कृपया..." तो खरखरला, चिरका झाला, आणि अर्ध्या शब्दावर तुटला.

नर्सने शिकवल्याप्रमाणे रेडिओने नळीत सलाईनचे थेंब टाकले. कफ ओढायचं यंत्र स्वयंपाकघरात होतं, आणि ते चालवायचं फक्त वहिनीला जमायचं. त्याने वहिनीला हाक मारायला तोंड उघडलं.

जीभ टाळूला चिकटली होती. तोंडात थुंकीचा थेंब नव्हता. त्याने सगळा जीव एकवटून जोर लावला. घशातून नुसती हवा आली.

"वहिनी!"

हाक खुर्चीतून आली. पण आवाज रेडिओचा होता.

"वहिनी, काही नाही हो. तुमचं चालू द्या. झालं मशीन दुरुस्त!"

तो मान हलवत राहिला, नाही, नाही. बघायला कुणीच नव्हतं.

पलंगावरची शिट्टी हळूहळू खाली आली आणि थांबली. दादाने लांब, मऊ श्वास घेतला. मग आणखी एक. त्याच्या ओठांवर रंग परत आला. खिडकीची काच पहिल्यांदाच धुरकट झाली होती, आणि तिच्यावरून एक थेंब खाली ओघळत होता. काटा पंचेचाळिसावर होता.

"बरं झालं बाई!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या आवाजात किती दिवसांनी हसू होतं. "आणि भावजी, तुमचा घसा किती मोकळा झाला हो! ऐकत राहावंसं वाटतं."

"मग काय तर!" खुर्ची म्हणाली, आणि बोलतच राहिली.

दादा उठून बसला. खुर्चीकडे त्याने एकदाच बघितलं. मग तो धाकट्या भावाकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थोड्या वेळाने त्याने पाटी दोघांच्या मधे ठेवली, खडू मधोमध मोडला आणि अर्धा रेडिओच्या हातावर ठेवला.