उडत्या बेडकालाही आत घेणारा सर्व्हर

"अगं मुंगे, आत कुणीतरी शिरलंय!" भोंगा एवढ्यानं ओरडला, की पिंजऱ्यातली तिन्ही कुत्री भुंकायला लागली.

ही भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशी जनावरांची डॉक्टर. मुंगी बारा वर्षांची, भोंगा तिच्याहून वर्षानं मोठा आणि आवाजानं दहापट! दवाखान्याच्या मागच्या खोलीत सर्व्हर होता, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांचं सामाईक कपाट. आत्ता त्याला कोण कोण जोडलंय, त्याची यादी पडद्यावर दिसायची. डॉक्टर, काउंटर... आणि तिसरं नाव, 'गेस्ट'!

"हा कोण पाहुणा?" मुंगीच्या अंगावर काटाच आला. चार दिवस एक्स-रे गायब होत होते. सकाळी काढलेले दुपारी नाहीत! आणि सगळं खापर फुटत होतं एक्स-रे काढणाऱ्या ताईवर. "उद्या एक जरी फोटो गेला, तर परवापासून येऊ नकोस," मावशीनं कालच तिला बजावलं होतं. ते ऐकल्यापासून मुंगीला चैन नव्हतं. घाबरलेल्या मांजराला कसं धरायचं, ते याच ताईनं तिला शिकवलं होतं.

गेस्टपुढे एक नंबर होता. तसेच नंबर दवाखान्याची यंत्रं सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकाकांनी चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येक कॉम्प्युटरला चिकटवले होते. दोघं निघाली शोधायला. काउंटरचा नव्हता. मावशीचाही नव्हता. एक्स-रेच्या खोलीत मुंगीनं वाकून चिठ्ठी वाचली. तोच नंबर!

"म्हणजे ताईच?" भोंगा चक्क कुजबुजला.

"काय ताईच?" ताई दारातच उभी होती. सगळं ऐकून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मी रोज तेच करते. 'एक्सरे' हे नाव टाकते, ते आत घेतं, मी फोटो ठेवते. सहा वर्षं हेच करतेय!"

"पण सर्व्हरवर नोंदवलेल्या नावांची यादी आहे ना, तिच्यात 'एक्सरे' नावच नाहीये!" मुंगी म्हणाली. "तिथं 'फोटो-एक' असं काहीतरी आहे."

"मग मला आत कसं घेतं?"

मुंगीनं खुर्ची ओढली. नावाच्या जागी तिनं ठोकून दिलं, 'उडता बेडूक'. पासवर्डही असाच, हाताला येईल तो.

सर्व्हर उघडला!

"अरे बापरे!" तिघंही एकदम किंचाळली. आत एकच फोल्डर होतं, 'पाहुण्यांचं, रोज १२ ला साफ'. आणि त्यात सकाळचा एक्स-रे, चेंडू गिळलेल्या कुत्र्याचा!

घड्याळात बाराला दहा कमी. भोंग्यानं झटपट फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि मुंगी मावशीला अक्षरशः ओढत घेऊन आली. कॉम्प्युटरकाका काउंटरवर गप्पा मारत होते, त्यांनाही!

"कुणीही कशाला हात लावायचा नाही!" मुंगीनं फर्मावलं. "फक्त बघा."

बारा वाजले. फोटो नाहीसा झाला. ताईचे दोन्ही हात तर खिशात होते!

मावशी मटकन खुर्चीत बसली. "काका, हे काय आहे?"

"त्याचं काय आहे," काका डोकं खाजवू लागले, "नाव चुकलं की तुम्ही लोक फोन करकरून जीव खाता. म्हणून सर्व्हरलाच सांगून ठेवलं, अनोळखी नाव आलं तर पाहुणा म्हणून घेऊन टाक. आणि पाहुण्यांचा पसारा रोज आपोआप साफ."

"आणि चार दिवसांपूर्वी 'एक्सरे'चं 'फोटो-एक' केलंत, ते ताईला सांगितलंत?" मुंगीनं विचारलं.

"ते... राहूनच गेलं बघा."

"राहून गेलं?" मावशीचा आवाज ऐकून भोंगासुद्धा दचकला. "कोणीही यावं आणि माझ्या सर्व्हरमध्ये शिरावं? आधी ते दार बंद करा!"

काकांनी मुकाट्यानं पाहुण्यांची सोय बंद केली आणि ताईला नवं नाव दिलं. पेनड्राइव्हवरचा फोटो जागेवर गेला. मुंगीनं पुन्हा बेडूक उडवून पाहिला, तर सर्व्हरनं साफ हाकलून दिलं!

"शाबास! आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही, ते तुम्ही तासाभरात केलंत," मावशी म्हणाली. पण मुंगीचं लक्ष ताईकडे होतं. ताईचे डोळे भरून आले होते.

"मलाच वाटायला लागलं होतं, की माझ्याच हातून पुसलं जातंय," ती हळूच म्हणाली. "चार दिवस घरातून निघताना गॅस बंद केलाय ना, ते तीनतीनदा बघतेय मी."

मावशी उठली. सगळ्यांसमोर तिनं ताईचे हात धरले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी तुला एकदाही विचारलं नाही."