चुन्याचा थेंब

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात भोंग्याच्या मशीनला माइकची पिन बसवायला एकच भोक होतं, आणि ते भोक मातीनं बंद झालं होतं. माती गुळगुळीत होती, बोटानं लिंपल्यासारखी. तिच्यावर चुन्याचा एक थेंब वाळला होता. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लहान, कडेनं गोल, मधे एक बारीक भेग.

सरूनं तो वाकून तीनदा पाहिला. मग वही काढली आणि त्याचं चित्र काढायला लागली.

"झालं हिचं सुरू!" त्रिंबक वैतागला. "दादांनी आपल्याला दोरी आणायला पाठवलंय. तिकडं बाजारात जागेवरून भांडणं लागली असतील!"

"दोरी खुंटीला आहे. तू काढ. मला दोन मिनिटं दे."

मे महिना होता, साल एकोणीसशे पंच्याऐंशी. सरू औरंगाबादला सातवीत शिकायची आणि सुट्टीसाठी रविवारीच मामाच्या गावी आली होती. जांभूळदरा हे गाव पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मामा, म्हणजे त्रिंबकचे दादा, नानासाहेब, गावचे सरपंच. त्रिंबक त्यांचा मुलगा, सरूपेक्षा एका वर्षानं मोठा आणि ते दिवसातून चार वेळा सांगणारा. आज गुरुवार, गावचा बाजार. दोरीनं जागा आखून द्यायचं काम ग्रामपंचायतीचं होतं.

"माती कुंभारीण माशीची आहे," सरू म्हणाली. "ती अशी भोकं शोधून आत अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. आमच्या शाळेत नळाच्या तोटीत घातलं होतं."

"मग? माशीला शिक्षा करायची का?"

"ऑफिसला चुना कधी मारला?"

"तीस एप्रिलला. दुसऱ्या दिवशी झेंडा होता ना. मीच बादली धरली होती, शर्ट गेला माझा!"

"म्हणजे तीस एप्रिलला ही माती इथं होती. म्हणून थेंब हिच्यावर पडला. तेव्हापासून या भोकात पिन गेलेलीच नाही. गेली असती, तर माती फुटली असती!"

त्रिंबक दोरी काढता काढता थांबला. "अरे! म्हणून झेंड्याला आम्हाला तोंडानं गायला लावलं! भोंगा असताना!"

एवढ्यात दारातून आवाज आला. "मंग आठ तारखेला भोंगा कसा वाजला?"

दारात आवडा उभी होती. मंजुळाबाईची मुलगी. त्यांची मेंढरं डोंगराच्या माळावर चरायची. आठ मेच्या दुपारी वादळ आलं, आवडानं मेंढरं लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि झाडावर वीज पडली. अकरा मेंढरं जागच्या जागी मेली. आवडा कोकराला आणायला वीस पावलं लांब गेली होती, म्हणून वाचली.

पण गाव वेगळंच बोलत होतं. तालुक्याहून इशारा आला होता म्हणे, भोंगा वाजला होता म्हणे, पोरगीच झोपली असेल. तेव्हापासून मंजुळाबाईनं तिच्या हातात काठी दिली नव्हती. मेंढरांमागं आई एकटीच जायची.

"आत ये ना," सरू म्हणाली.

"नाय. पुंजाराम काका वरडत्यात." पण ती आत आली. मातीचं ते बूच तिनं बराच वेळ पाहिलं. "म्या झोपले नव्हते," ती हळूच म्हणाली. "आयला लई येळा सांगितलं. ती म्हणती, साऱ्या गावानं ऐकलं, तुलाच कसं ऐकू आलं नाय?"

"साऱ्या गावानं ऐकलं?" सरूनं त्रिंबककडं पाहिलं. "तू ऐकलास?"

"मी विहिरीत पोहत होतो." त्रिंबक विचारात पडला. "आई म्हणाली, वाजला असेल. म्हातारबा म्हणाले, वाजला असेल. वाजला, असं कोण म्हणालं बरं? फक्त पुंजाराम काका!"

बाहेर चपला वाजल्या. पुंजाराम, पंचायतीचा शिपाई, घाम पुसत आत आला.

"पोरहो, दोरी न्यायला आलात का ऱ्हायला?"

"निघालोच, काका," सरू शांतपणे म्हणाली. "एक विचारू? आठ तारखेला तुम्ही भोंगा वाजवलात, तेव्हा पिन याच भोकात लावलीत ना? की मागंही एखादं भोक आहे?"

"मागं कुठलं? हे एकच हाय," पुंजाराम ऐटीत म्हणाला. "धा वर्षं झाली हे मशीन माझ्या हाताखाली. हितं पिन लावायची, हे बटन दाबायचं, की पार माळापातुर आवाज!"

"मग ही माती?"

पुंजारामनं मान पुढं केली. माती पाहिली. पुन्हा मानेवरचा घाम पुसला.

तो काही बोलणार, तोच टेबलावरचा फोन खणखणला. त्यानं तो झडप घालून उचलला. "हां, जांभूळदरा पंचायत… व्हय… लिवून घेतो साहेब… दुपारी तीनच्या सुमारास… वादळी वारा, इजा, गारा… व्हय, व्हय." त्यानं रजिस्टर ओढलं आणि निरोप लिहिला. फोन ठेवला. मग त्याच ओळीच्या शेवटी, सवयीनं, दोन शब्द लिहिले.

सरूनं ते उलट्या बाजूनं वाचले. "दवंडी दिली."

"काका!" त्रिंबक ओरडलाच. "अजून बटणाला हात नाही लावला, आणि दिली?"

"मला जे सांगितलंय ते मी लिवतो!"

"कुणी सांगितलंय?"

पुंजारामनं रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आणि त्रिंबककडं पाहायचं टाळलं.

त्रिंबकला कळलं. त्याच्या हातातून दोरी खाली पडली. "दादांनी?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

"तुझी आई कुठं आहे?" सरूनं आवडाला विचारलं.

"माळावर." आवडानं दाराबाहेर डोंगराकडं पाहिलं. "सारी मेंढरं घेऊन. त्याच लिंबाकडं. बाकी कुठं सावलीच नाय."

"धावत गेलीस तर?"

"दीड तास. चढ हाय सारा. आन मेंढरं घेऊन उतरायला परत तेवढाच येळ."

"मग भोंगाच," सरू म्हणाली. "चला!"

बाजार भरात होता. चारशे-पाचशे माणसं, बांबूवर ताणलेली कापडं, लोखंडी खांबांवर पत्रे टाकलेली दोन मोठी दुकानं. आभाळ निरभ्र होतं. फक्त पश्चिमेला, डोंगराच्या मागून, फुलकोबीसारखा एकच पांढरा ढग वर आला होता. सरूनं हात लांब करून तो बोटांनी मोजला. तीन बोटं.

नानासाहेब चहाच्या टपरीपाशी उभे होते. त्रिंबकनं त्यांना एका दमात सगळं सांगितलं. माती, चुना, रजिस्टर, फोन. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला. "दादा, तुम्ही सांगितलं होतं का, वाजवू नको म्हणून?"

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावतील असं मुलांना वाटलं होतं. ते रागावले नाहीत. तेच जास्त अवघड होतं.

"अठरा एप्रिलला फोन आला, मी भोंगा वाजवला, बाजार उठवला," ते म्हणाले. "थेंब पडला नाही. पंचवीसला पुन्हा फोन, पुन्हा बाजार उठवला. भाजी सडली लोकांची. थेंब नाही! माझ्या तोंडावर लोक विचारायला लागले, काय जोशीबुवा, आज कुठला मुहूर्त? तिसऱ्यांदा काय म्हणून सांगू? हवामान खात्याचं काही खरं नसतं, सरू."

"मामा, तुम्ही इशारा खोटा म्हणता. पण तो फक्त जांभूळदऱ्याला नव्हता, तालुक्याला होता. तालुका केवढा मोठा! गार पडते ती एका पट्ट्यात. अठरा तारखेला ती दुसरीकडं कुठं पडली का, हे कुणी विचारलं?"

"कुणाला विचारायचं? आणि कशाला?"

"मला इचारा की!" बाजूच्या पालातून खणखणीत आवाज आला. बांगडीवाली वच्छलाबाई एका बाईच्या हातात चुडा भरत होती आणि कान इकडंच होते. "तुमचा बाजार उठला, म्हून म्या माघारी पिशोरला गेले. घरी पोचायच्या आदी वाटंवर ह्या एवढाल्या गारा! पेटारा डोक्यावर, आन आत खळ्ळ खळ्ळ! दीडशे बांगड्यांचा चुरा झाला, सरपंच. तुमी बाजार उठवला नसता तर हितं सुखानं बसले आसते, म्हून तुमाला लई शिव्या घातल्या!"

बायका हसल्या. नानासाहेब हसले नाहीत.

"आन पंचीसला," आवडा पुढं झाली, "माझा मामा घाटाखाली बसला होता. त्येची पालं उडाली वाऱ्यानं. दोन कोस लांब, नानासाहेब. दोनच."

"दोन्ही वेळा वादळ आलं होतं," सरू म्हणाली. "आपल्याला चुकवून गेलं, एवढंच. तिसऱ्यांदा नाही चुकवलं."

नानासाहेबांनी डोंगराकडं पाहिलं. "आज मी वाजवला, बाजार उठवला, आणि आजही पडला नाही तर?"

"तर लोक तुम्हाला हसतील."

"आणि?"

"आणि मंजुळाबाई हसायला जिवंत असतील," सरू म्हणाली.

तिनं पुन्हा हात लांब केला. ढगाला आता पाच बोटं लागत होती आणि त्याचा माथा सपाट व्हायला लागला होता. आवडा नानासाहेबांकडं पाहत होती.

नानासाहेबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "चला," ते म्हणाले. "पण त्या भोकातली माती?"

"काढते!" सरू तोवर पळत सुटली होती.

ऑफिसात तिनं केसातला आकडा काढला आणि बूच हलक्या हातानं टोकरलं. चुन्याच्या थेंबासकट त्याचा तुकडा तिनं वहीच्या पानात ठेवला. आत माशीनं पिल्लासाठी साठवलेल्या चार वाळक्या अळ्या आणि एक पिवळसर कोश निघाला. कोश तिनं काड्यापेटीत घातला.

"आता त्याचंही बारसं कर!" त्रिंबक ओरडला. "लवकर!"

"पिन आत जायला हवी. कण राहिला तर आवाज येणार नाही." तिनं फुंकर मारली, पाहिलं, पुन्हा फुंकर मारली. "लावा."

पुंजारामनं पिन लावली. बटण दाबलं. काहीच झालं नाही. वरचा पंखाही थांबला होता.

"लाइट गेली!" पुंजारामनं कपाळाला हात लावला. "आता संध्याकाळ!"

"मशीन बॅटरीवर चालतं ना?" त्रिंबकनं विचारलं.

"चालतं. पर बॅटरी दुरुस्तीला गेलीया, दोन म्हैनं झाले."

"ट्रॅक्टरची चालेल!" असं म्हणत त्रिंबक दारातून बाहेर उडालाच. आवडा त्याच्या मागं. दहा मिनिटांनी दोघं बॅटरी दोन्ही बाजूंनी धरून, गुडघे वाकवत, धापा टाकत परत आले. आवडाच्या कोपराला खरचटलं होतं. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही. पुंजारामनं तारा जोडल्या. मशीनवरचा लाल दिवा मिणमिणला आणि छपरावरच्या भोंग्यानं मोठ्यानं खाकरल्यासारखा आवाज केला.

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

नानासाहेबांनी माइक हातात घेतला. सुरुवातीला त्यांचा आवाज जरा अडखळला.

"ऐका हो, ऐका. नानासाहेब बोलतोय. तालुक्याहून निरोप आहे. तीनच्या सुमारास वादळ, विजा आणि गारा. बाजार आत्ता उठवायचा. पत्र्याच्या दुकानात कुणी थांबायचं नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. शाळा उघडतोय, लांबच्या लोकांनी शाळेत यायचं. आणि माळावर मंजुळाबाई… मंजुळाबाई, मेंढरं घेऊन खाली या. लिंबाखाली जाऊ नका. आत्ताच्या आत्ता निघा!"

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय जोशीबुवा, पुन्हा?" दोघंतिघं हसले. पण वच्छलाबाईचा आवाज त्यांच्यावर चढला. "हसा, हसा! पिशोरच्या वाटंला गारा म्या बघितल्यात! उचल रे तो पेटारा!" पालांच्या दोऱ्या सुटायला लागल्या.

मुलं ऑफिसच्या ओट्यावर आली. माळ इथून तळहाताएवढा दिसत होता. लिंबाचं झाड म्हणजे एक हिरवा ठिपका, आणि त्याच्या भोवती पांढरे-काळे बारीक कण. ते हलत नव्हते.

"वारा उलटा तर नाही ना?" त्रिंबक कुजबुजला.

सरूनं चिमूटभर माती वर सोडली. ती सरळ खाली पडली. "वाराच नाही. अजून."

आवडानं दोन्ही मुठी छातीशी धरल्या होत्या. "आये," ती पुटपुटली, "आये, ऐक ना!"

कण हलले. आधी एक, मग पाच-सात, मग सगळे मिळून एक बारीक रेघ झाली आणि ती रेघ पायवाटेनं खाली घरंगळायला लागली.

"आली! ऐकलं तिनं! आली!" त्रिंबकनं एवढ्या जोरात उडी मारली की ओट्याची फरशी वाजली. ऑफिसातून पुंजाराम ओरडला, "आरं, बॅटरीची तार निघंल!" पण तोही हसत होता. पेटारा डोक्यावर घेऊन शाळेकडं निघालेली वच्छलाबाई ओट्यापाशी थांबली. "टपरीपाशी ऐकलं म्या. चुन्याचा एक थेंब बघितलास म्हनं," ती सरूला म्हणाली. "डोळे हायेत का भिंगं, पोरी?"

सरू खिडकीतून आत पाहत होती. नानासाहेबांनी माइक अजून खाली ठेवला नव्हता. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, आठ तारखेचं पान. त्यांचं बोट एका ओळीवर होतं. त्यांनी मान वर करून दारात उभ्या आवडाकडं पाहिलं, आणि बटण पुन्हा दाबलं.

भोंगा खाकरला. बाजारातली माणसं जागच्या जागी थांबली. माळावरची रेघ आता अर्ध्या वाटेवर होती. एवढ्या लांबवरही ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करत, नानासाहेब बोलले.

"मंजुळाबाई, आणखी एक ऐका. सगळ्या गावानं ऐका. आठ तारखेला निरोप आला होता. भोंगा वाजला नव्हता. वाजवू नको असं मी सांगितलं होतं. आवडा झोपली नव्हती. चूक माझी होती."