आर्डिसचे बारा खण

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी तिथंच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं आमचं सुतारकामाचं वर्कशॉप. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. आणि रात्र-बित्र काही नाही हो, दुपारचे अडीच वाजले होते.

वेंडेल माझा उस्ताद. त्याचं कपाट बघायला म्युझियमच्या मिसेस हॅलोरन आल्या होत्या. अक्रोडाचं लाकूड. दारांवर कोरलेलं गोठलेलं तळं, मधोमध तडकलेलं. आत बारा खण. इतके नेमके बसवलेले, की एक आत ढकलला की कोंडलेल्या हवेनं दुसरा आपोआप बाहेर यायचा.

त्याचं कपाट म्हणे!

सगळं त्याच्या बायकोचं होतं, आर्डिसचं. त्यांचा मुलगा बर्फाखाली बुडाला, त्यानंतर दोन वर्षं ती ते तळं कोरत बसली होती. मागच्या फळीवर तिनं स्वतःचं नाव कोरलं होतं. तिला पुरून आठ दिवस झाले नाहीत, तोच यानं रंधा मारून ते काढून टाकलं. माझ्यासमोर.

मरताना ती मला म्हणाली होती, "थिया, लोकांना एवढंच सांग. ते माझं आहे."

मी हो म्हटलं होतं.

आणि वेंडेल मला वर्कशॉप देणार होता... तोंड बंद ठेवलं तर.

"कुणाची मदत होती का?" मिसेस हॅलोरननी विचारलं.

"बायको पॉलिश मारायची," वेंडेल हसला. "तेही धड नाही. विचारा हिला."

"एकट्यानं केलंय त्यांनी," मी म्हणाले.

वेंडेलनं ऐटीत वरचा खण ढकलला.

दुसरा आलाच नाही...

पुन्हा ढकलला. काहीच नाही.

"दमट हवेनं फुगलंय," असं पुटपुटत त्यानं खालचा खण थोडा ओढला आणि काठावरून बोटं आत घातली.

तो खण बंद होऊ लागला... हळूहळू.

कुणीही हात लावला नव्हता.

बाकीचे अकरा एकेक करून बाहेर आले.

वेंडेल किंचाळला. मी कपाटाला पाय लावून खण ओढला. आतून कुणीतरी ओढत होतं, देवाशपथ! आधी कातडं फाटलं. मग... हाडाचा आवाज.

"आर्डिसचं आहे म्हणा," मी त्याच्या कानाशी कुजबुजले. "म्हणा ना, सोडेल ती!"

घामानं डबडबलेला तो माझ्याकडे वळला. "बोललीस तर वर्कशॉप विसर," दात-ओठ खात म्हणाला.

मी गप्प बसले. लाज वाटते, पण बसले.

तीन बोटं गेली. कपाट म्युझियमनं घेतलं, पाटीवर नाव त्याचंच. वर्कशॉप माझं झालं.

आत कोण होतं, मला विचारू नका.

त्यानं ते काढून टाकल्यानंतर तिचं नाव आज पहिल्यांदाच मी कुठंतरी लिहिलंय, तेही तुमच्यापुरतं. म्युझियमला कळवायचं धाडस अजून होत नाही...

परवाच त्यांनी माझ्याकडून एक कपाट मागवलंय. मी हो म्हटलंय.