परदेशी संबंध

"दासगावला मेहविश मुकादम यांचं घर कुठं आहे, सांगाल?"

महाडच्या एसटी स्टँडवर, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात त्यानं हे विचारलं, आणि विचारलं नेमकं मेहविशलाच! पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आणि डोळे... डोळे चांगले होते, हे तिनं रागातही बघून घेतलं. रागाला कारण होतं. फुफीनं, म्हणजे आत्यानं, पावसाळाभरात तीन स्थळं आणली होती, आणि तिघांनीही 'पोरीनं नोकरी करायची नाही' असं आधीच बजावलं होतं. हा चौथा. बरा सापडला!

"ती होय?" मेहविश ओढणी सावरत म्हणाली. "तिच्या वाटेला जाऊ नका हो. रात्री गच्चीवर तारा पसरून बसते. अँटेना काय, बॅटऱ्या काय... बाहेरच्या देशातून फोन येतात. काय करते ते घरच्यांनाही सांगत नाही."

"असं?" त्यानं खिशातून पेन काढलं. "फोन कुठल्या देशातून?"

"मुलगी बघायला आलात की पंचनामा करायला?"

"मुलगी बघायला नाही आलो," तो कसानुसा हसला. "मी पोलीस आहे. तौकीर. पुण्याला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांची निवड झालीय, रडारच्या कामावर. त्याआधीची चौकशी—"

ज्या नोकरीसाठी मेहविशनं दोन वर्षं रक्त आटवलं, ती तिनं आपल्याच जिभेनं बुडवली होती!

"मीच मेहविश," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही स्थळ आहात."

तौकीर इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं. "आणि खरंच स्थळ असतो तर?"

"तर याहून वाईट सांगितलं असतं."

घरी अमिरुन्निसा फुफीचाही तोच घोटाळा झाला. पोलीस आहे म्हणून सांगितलं, तरी 'सरकारी नोकरीवाला' एवढंच तिच्या कानात शिरलं. त्याच्यापुढं सांदणाची ताटली ठेवत ती म्हणाली, "आमची पोर लय गरीब हाय रे बाबा. तोंडातून शब्द नाय काढायची."

"परदेशी संबंध?" तौकीरनं कागदावरचा प्रश्न वाचला, आणि त्या गरीब पोरीचा भडका उडाला.

"भाऊ जेद्दाला, मामा कुवेतला! आमच्या मोहल्ल्यात असं एक घर दाखवा, जिथं आखातातून पत्र येत नाही. पोटासाठी गेलेत ते, फितुरीसाठी नाही. मे महिन्यात आपण अणुचाचण्या केल्या, तर अमेरिकेनं निर्बंध घातले, यंत्रांचे सुटे भाग अडवले. आपल्यावर संशय घेतला म्हणून अख्खा देश चवताळला ना? तेच भाग इथं घडवायला मी निघाले... तर आता तुम्ही माझ्यावर संशय घ्या!"

"हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात."

"विचारतात सगळ्यांना. पण अडतात कुणापाशी?"

तौकीरनं कागद बाजूला ठेवला. तो हळूच म्हणाला, "भरतीच्या वेळी मलाही विचारलं होतं. माझे अब्बा पोलादपूरला ट्रक चालवतात. आंबेनळी घाट चढून वाईला माल टाकायचा आणि परत यायचं... परदेश कुठला? तरी दोनदा विचारलं."

"चीड नाही आली?"

"आली. तुमच्यासारखी बोलून दाखवता नाही आली."

मग तो पुन्हा आला. एक सही राहिली म्हणे. त्यानंतर आला तो नावाचं स्पेलिंग तपासायला. मेहविशला सगळं कळत होतं, आणि ती चहात आलं जरा जास्तच ठेचत होती.

पुढच्या खेपेला तो घरी आला नाही, तिला निरोप धाडून खाडीच्या बांधावर थांबला. वाऱ्यानं तिची ओढणी उडत होती, आणि तो ओढणीकडेच बघत बोलला.

"मेहविश... तुझे— तुमचे कागद मी परत दिले. दुसरं कुणी चौकशी करेल."

"का?"

"जिच्यात जीव गुंतलाय, तिचा अहवाल मी कसा लिहू? उद्या कुणी म्हणेल, प्रेमापोटी चांगलं लिहिलं. तुमच्या नावाला तसा बोल नको."

दुसरी एखादी लाजली असती. मेहविश कडाडली. "प्रेमच करायचं होतं, तर अहवाल लिहून झाल्यावर करायचं! आता नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारणार. हजर व्हायची तारीख तोंडावर आलीय... एवढीही कळ काढता आली नाही?"

"नाही आली," तौकीर म्हणाला.

यावर तिला पुढं भांडताच येईना, आणि त्याचाही तिला रागच आला.

आठवड्यानं गोमाजी हवालदार आले, निवृत्तीला टेकलेले. त्यांना मोटारसायकल येत नव्हती, म्हणून साहेबांनी तौकीरलाच चालवायला धाडलं होतं. तो अंगणात पाठ करून उभा राहिला.

गोमाजींनी सगळं पुन्हा विचारलं. मेहविशनं दातओठ खात, पण एकेक खरं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "माझ्याकडनं काय हरकत नाय, पोरी. येकच राह्यलं. लग्न ठरलंय काय गो? ठरलं असंल तर त्या माणसाचं नाव लिवायला लागतं."

फुफीनं तोंड उघडायच्या आत मेहविश बोलली, अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात.

"ठरलंय. तौकीरशी. तुमच्याच खात्यातला आहे."

अंगणातली पाठ गर्रकन वळली.

गोमाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजी आता त्याची पण चौकशी आली."

"करा ना! त्याला एवढंच विचारा, लग्नानंतर बायकोनं नोकरी सोडावी, असं त्याचं म्हणणं आहे का?"

"नाही!" अंगणातून उत्तर आलं. "अजिबात नाही!"

"ह्याला कागदावर रकाना नाय गो," गोमाजी पुटपुटले.

"मग समासात लिहा," मेहविश म्हणाली. "पण लिहा."