नादारपालाचे कांदेपोहे

बुडायला आलेल्या कारखान्यासाठी नादारपाल घरी बोलावून, पुढ्यात पोहे ठेवून बघायचा, अशी शिरोलीत पद्धत पडली होती. लग्नात निदान घटस्फोटाची सोय असते. म्हणून इथे चौकशी जास्त कसून करत.

नादारपाल म्हणजे बुडता धंदा ताब्यात घेणारा परवानाधारक. पूर्वी तो पुढच्या दाराला कुलूप लावी आणि मालक मागच्या दाराने यंत्रं मेव्हण्याकडे हलवी. मग ‘निर्णयगाठी’चा शोध लागला. कपाळामागचा हा इवलासा भाग ‘हे नको, ते घेऊ’ असं ठरवतो. चुंबकीय लहरींनी तो झोपवता येतो आणि दुसऱ्याच्या गाठीशी जोडताही येतो. तेव्हापासून मालक तोच, खुर्ची तीच, ठरवणारा दुसरा.

हणमंतराव भेंडवड्यांच्या फौंड्रीची भट्टी थंड पडली होती. आज त्यांनी स्वतः नादारपाल निवडला नाही, तर उद्या न्यायालय मिळेल तो नेमणार होतं. शेजारच्या फौंड्रीला तसाच मिळाला. तिचं भंगार झालं. तो मालक हल्ली दिवसभर फाटकात उभा असे. आत जायचं की बाहेर, हे ठरवणारा पुण्याला राहत होता.

पहिल्या पाहुण्याकडे परवानाच नव्हता. दुसऱ्याने पोह्यांआधी जागेचा भाव विचारला. तिसऱ्या डॉ. रेवती टिकेकर, मेंदूशास्त्र शिकून या धंद्यात आलेल्या. त्यांनी न मागता परवाना दाखवला, भट्टी बघून “ही पेटेल” म्हणाल्या आणि पोहे चाखून हणमंतरावांच्या बायकोला, मालनबाईंना विचारलं, “जरा लिंबू मिळेल का, वहिनी?”

लिंबू शेजारून आणावं लागलं. हणमंतरावांना आंबट चालत नसे.

“बाई, हे फक्त धंद्यातलंच तुमचं ऐकणार ना?” मालनबाईंनी विचारलं.

“गाठ एकच असते, वहिनी. धंद्याची वेगळी, घरची वेगळी अशी नसते.”

“म्हणजे माझी साडीसुद्धा तुम्हीच ठरवणार?”

“त्यात मी लक्ष घालत नाही.”

“मग चालेल. हेही कधी घालत नव्हते.”

हणमंतरावांनी मात्र विचारलं, “आणि गाठ सोडवायची कधी?”

“धंदा सावरला की लगेच. कायद्याने हक्कच आहे तुमचा. फक्त तुम्ही स्वतः ठरवून तसं सांगायचं.”

“आजवर तुमच्या किती मालकांनी सांगितलं?”

डॉक्टरांनी फोड शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. “हक्क सगळ्यांनाच आहे.”

खिडकीतून थंड धुराडं दिसत होतं आणि खाली ताटकळलेले कामगार. हा आपला शेवटचा निर्णय, हे हणमंतरावांना कळलं. म्हणून त्यांनी तो जरा वेळ लावून घेतला. मग मान हलवली.

दिवाळीच्या आत भट्टी पेटली. कामगारांना बोनस मिळाला. मालनबाईंनी हौसेने पोहे केले आणि नवऱ्याजवळ बसल्या.

“अहो, सावरलं की सगळं. आता सांगून टाका त्या बाईंना, गाठ सोडा म्हणून.”

हणमंतराव सौजन्याने हसले. “त्यात मी लक्ष घालत नाही.”

“असं काय करता? अहो, माझ्याकडे बघा!”

त्यांनी बघितलं. मग एक घास घेतला, सावकाश चावला आणि बशी पुढे केली.

“जरा लिंबू मिळेल का, वहिनी?”