नकाशेमास्तरांचे अक्षर

नकाशेमास्तरांनी वही टेबलावर ठेवली आणि हात असा मागे घेतला, जणू ती गरम होती.

"या तीन नोंदी माझ्या अक्षरात आहेत," ते म्हणाले. "पण त्या मी केलेल्या नाहीत. केल्या असतील, तर मला आठवत नाही."

शेजारी बसलेला कंपाउंडर वहीकडे वाकून पाहू लागला. मास्तरांना तपासबाईंकडे त्यानेच आणलं होतं. मास्तरांची उभी हयात नकाशे काढण्यात गेली होती आणि निवृत्तीनंतर ते आपल्या शेअरचा कारभार स्वतःच पाहत. दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर पंधरा-वीस जण त्यांच्याभोवती जमत आणि तेच ते प्रश्न विचारत. म्हातारपणासाठी किती जमवावं? त्यातलं दरमहा किती काढावं? बाजार पडला तर विकावं का? प्रश्न आणि उत्तर दोन्ही मास्तर या वहीत सुबक अक्षरात उतरवत. ती उत्तरं प्रमाण मानून कंपाउंडरने आपली सगळी पुंजी गुंतवली होती. मास्तरांचं डोकं ठिकाणावर असणं ही त्याचीही गरज होती, आणि असा विचार मनात आल्याची त्याला लाजही वाटत होती.

तपासबाई पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढायच्या. त्यांनी मागची पानं उघडली. तिथे मास्तर स्वतःचे व्यवहार लिहीत, कारणासकट. शेवटच्या तीन आठवड्यांत तीन विक्री होत्या आणि तिन्हींपुढे एकच कारण होतं: 'भाव पडतो आहे.'

फोनवरच्या खात्यातूनही ते शेअर खरोखरच विकले गेले होते. पैसे मात्र मास्तरांच्याच खात्यात जसेच्या तसे होते.

"काही गेलेलंच नाही," मास्तर म्हणाले. "म्हणजे चोर नाहीच. माझा थोरला भाऊ असाच गेला. आधी किल्ल्या विसरायचा, मग आम्हाला विसरला. मला फार भीती वाटते हो."

घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कोणीतरी माझं खातं उघडतंय, एवढंच काल बोलले होते. भावाचं नाव काढलं तर बायको हाय खाईल, म्हणून ते टाळलं होतं. सोमवारी सगळ्या कारभाराचे अधिकार जावयाला सही करून द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. सही करण्याइतकी शुद्ध आहे तोवर.

बाईंनी नोंदींवरून बोट फिरवलं, मग वही खिडकीशी नेऊन तिरपी धरली.

"अक्षरं सरळ यावीत म्हणून पेन्सिलीने रेघा आखता?"

"शिकाऊ असताना आखायचो. चाळीस वर्षं झाली त्याला. हात बसला की रेघा लागत नाहीत."

"आणि खात्याचा गुप्त आकडा?"

मास्तर ओशाळले. तो वहीच्याच शेवटच्या पानावर होता, इतरांना 'कुठे लिहू नका' असं बजावणाऱ्या उत्तराच्या पाठीमागे.

दुपारी बाई आणि कंपाउंडर मास्तरांच्या घरी गेले. बाजार उघडला की मास्तर तासभर फोन पाहत, मग तो तिपाईवर ठेवून आंघोळीला जात. तिन्ही विक्री त्याच वेळच्या होत्या. तेव्हा घरात तिघं असत: बायको, वरच्या खोलीत काम करणारा जावई आणि रोज पेपर वाचायला येणारे धाकटे भाऊ.

जावयाला घाई होती. विक्रीची यादी पाहून त्याने मान हलवली. "बघा ना, ही चांगली कंपनी त्या दिवशी किंचित खाली होती, ती विकली. ही बुडीत कंपनी थोडी वर होती, ती ठेवली. शेअरमधलं ज्याला थोडंफार कळतं तो असं करणार नाही. बाबांना आता आराम हवा."

कंपाउंडरच्या लेखी खटला निकाली निघाला. अधिकार यालाच मिळणार होते, म्हणजे हाच.

धाकटे भाऊ भेटल्यावर त्याने मत बदललं. ते मास्तरांच्याच ऑफिसात, मास्तरांच्याच हाताखाली शिकले होते. बाईंनी अक्षराचा नमुना मागताच त्यांनी पेपरच्या कडेला एक ओळ लिहून दाखवली. हुबेहूब तेच अक्षर, रेघ न आखता सरळ. पण भाऊ स्वतःच भडकलेले होते. जे शेअर विकले गेले त्यांतले दोन त्यांनीच मास्तरांना सुचवले होते.

मास्तरांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, आतल्या खोलीत त्यांच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होत्या. कंपाउंडरची नजर साहजिकच तिकडे गेली. कप्प्यांवर 'सकाळ', 'दुपार', 'रात्र' अशी लेबलं होती. आमच्या दवाखान्यात असं अक्षर असतं तर अर्धे पेशंट वाचूनच बरे झाले असते, असं तो म्हणाला. अक्षरांखाली पेन्सिलीची फिकट रेघ खोडायची राहिली होती.

"मास्तरांनी लिहिली वाटतं?"

वहिनींनी डबी मिटून फडताळात ठेवली.

बाईंनी विचारलं, शेअरमधलं काही कळतं का. "मला काय कळणार?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी यांच्या फोनवर भाव पडल्याचे लाल आकडे दिसले की छातीत धस्स होतं, एवढंच. तुमच्यामागे मी हे कसं सांभाळायचं, असं एकदा विचारलं होतं यांना. म्हणाले, तू कशाला काळजी करतेस."

पाच वाजता बाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं.

"मास्तर, आधी तुमचं. या नोंदी तुम्ही केलेल्या नाहीत. तिन्हींखाली रेघा आखून खोडल्याचे वळ आहेत. बोटालाही लागतात. तुमच्या एकाही नोंदीखाली ते नाहीत. तुमचं डोकं शाबूत आहे."

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"भाऊंनाही रेघा लागत नाहीत, ते मी पाहिलं. शिवाय भाऊ आणि जावई दोघंही जाणकार. विकणाऱ्याने चांगलं-वाईट पाहिलंच नाही, त्या दिवशी जे लाल होतं ते विकलं. म्हणजे त्याला शेअर कळत नव्हते, लाल रंगाची भीती तेवढी होती. आणि असं अक्षर, रेघ आखून, या घरात आणखी एका ठिकाणी आहे. गोळ्यांच्या डबीवर."

कंपाउंडरने कपाळाला हात लावला. डबी त्यानेच वाखाणली होती.

वहिनींनी नाकारलं नाही. "म्हटलं, आहे तेवढं तरी वाचवावं," त्या म्हणाल्या. "गुप्त आकडा वहीत होताच. नोंद राहिली की तुम्ही बेचैन होता, म्हणून लिहूनही ठेवली."

"पण माझ्या अक्षरात?"

"मला दुसरं अक्षर आहे कुठे? लग्न झाल्यावर तुम्ही नकाशे घरी आणायचात आणि त्यांवरची नावं मी लिहायचे. तुम्हीच तर शिकवलंत. मला वाटलं, तुम्ही ओळखाल. वाचूनही तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, तुम्हाला चाललं. काल चोर म्हणालात आणि माझं तोंडच उघडेना."

"मी बोललो नाही," मास्तर म्हणाले, "कारण मला वाटलं, मी दादासारखा व्हायला लागलो."

हे वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. तीन आठवडे एका घरात, एका ताटाशी बसून दोघं वेगवेगळे घाबरत होते. जावई खिडकीबाहेर बघू लागला. सोमवारच्या सहीची गोष्ट कोणी काढली नाही.

मास्तर वहीची पानं उलटत राहिले. माडीवरच्या माणसांचे एकेचाळीस प्रश्न त्यात होते. बायकोचा एकही नव्हता. त्यांनी कोरं पान काढलं, खिशातली पेन्सिल घेतली आणि चाळीस वर्षांनी पट्टी धरून दोन रेघा आखल्या.

मग वही त्यांनी वहिनींसमोर सरकवली.

"लिही," ते म्हणाले. "माझ्यामागे हे कसं सांभाळायचं, असं मागे विचारलं होतंस, तो प्रश्न. आज उत्तर देतो."